कोण कुणाकडे पाहतं : कोंबड्यांच्या समाजशास्त्राची प्रस्तावना

उलिस्से आल्द्रोवांदी हा बोलोन्याचा निसर्गाभ्यासक. त्याच्या पक्षिग्रंथाचा दुसरा खंड १६०० साली छापून निघाला आणि त्यातलं चौदावं पुस्तक त्यानं कोंबडीला देऊन टाकलं. शकुन, औषधं, पाककृती, झुंजी, पुराणकथा असं सारं त्यात ठासून भरलेलं आहे. या गर्दीत एका ठिकाणी तो स्वतःच्या घरच्या कोंबडीविषयी सांगतो. ही कोंबडी दिवसभर घरात एकटी हिंडायची, इतर कोंबड्यांच्या वाऱ्यालाही जायची नाही. रात्री मात्र तिला झोप यायची ती फक्त त्याच्याजवळ, त्याच्या पुस्तकांमध्ये, आणि त्यातही मोठाल्या ग्रंथांमध्ये. पंडिताच्या घरची कोंबडी म्हटल्यावर एवढी अभिरुची असायचीच.

त्या ग्रंथातली औषधं आज कुणी करून पाहत नाही. ही नोंद मात्र ताजी राहिली, कारण ती 'कोंबडी' या जातीविषयी नाही, एका कोंबडीविषयी आहे. ती कुणाजवळ राहते, कुणाला टाळते, रात्री कुठं टेकते याविषयी आहे. ज्या विषयाची ही प्रस्तावना आहे तो याच प्रश्नांनी बनलेला आहे. नव्या वाचकाचं त्यात मनापासून स्वागत. विषय जुना नाही, फार अवघडही नाही, आणि त्याचा मुख्य ग्रंथ पुष्कळांच्या परसात उकिरडा उकरत फिरत असतो.

आधी घराणं पाहू. पाळीव कोंबडी तांबड्या रानकोंबड्यापासून आली हे डार्विननं १८६८ सालीच मांडलं होतं आणि जनुकांच्या अभ्यासानं ते खरं ठरवलं. माणसाच्या वस्तीत ती कधी आली याबद्दल पूर्वी फार जुने आकडे सांगितले जात. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या फेरतपासणीत, निश्चितपणे पाळीव म्हणता येतील अशा कोंबड्यांचे सर्वांत जुने अवशेष मध्य थायलंडमधल्या बान नॉन वाट इथले ठरले. काळ इसवी सनापूर्वी १६५० ते १२५०. भाताची, नाचणी-बाजरीसारख्या भरड धान्यांची शेती आली, सांडलेले दाणे आले, आणि दाण्यांमागून रानकोंबड्या आल्या, असा त्या अभ्यासाचा सूर आहे. आपल्याकडचाही एक धागा या घराण्यात विणला गेला आहे. पिवळ्या पायांच्या कोंबडीत तो पिवळेपणा आणणारं जनुक तांबड्या रानकोंबड्याचं नाही. ते द्वीपकल्पी भारतातल्या राखी रानकोंबड्याकडून आलं, असं स्वीडनमधल्या उप्साला इथल्या संशोधकांनी २००८ साली दाखवून दिलं. सह्याद्रीच्या रानात पहाटे ज्याची बांग ऐकू येते, तोच हा राखी रानकोंबडा.

हे घराणं सांगायचं कारण असं की कोंबडीचं सामाजिक वागणं त्या रानातच घडलेलं आहे. एक कोंबडा, चार-सहा कोंबड्या, पायात घोटाळणारी पिल्लं, आणि भोवती बांबूची बेटं, झुडपं, पाचोळा. अशा जागी चार हातांपलीकडचा सोबती दिसत नाही. तेव्हा आवाजानं एकमेकांचा ठावठिकाणा ठेवावा लागतो, आणि जवळ आल्यावर नीट पाहून ओळख पटवावी लागते. परसात दिवसभर चालणारी ती बारीक कुरकुर म्हणजे त्याच हजेरीची सवय. एरिख बॉयमर या जर्मनीतल्या खेड्यातल्या डॉक्टरनं दवाखाना सांभाळून कोंबड्यांच्या या बोलीचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. अमेरिकेत निकोलस आणि एल्सी कोलियास या दांपत्यानं रानकोंबड्यांचे आवाज नोंदले. वीस-पंचवीस वेगवेगळे आवाज ही आता सर्वमान्य गणती आहे.

या शास्त्राचा खरा जन्म मात्र भांडणातून झाला. थोरलाइफ शेल्डेरूप-एब्बे हा नॉर्वेचा. लहानपणापासून त्याला कोंबड्यांचं वेड. प्रत्येक कोंबडी तो चेहऱ्यानं ओळखायचा आणि कोण कुणाला टोचते याच्या नोंदी वहीत ठेवायचा. त्यातून त्याच्या लक्षात आलं की टोचण्याला नियम आहे. पहिली कोंबडी सगळ्यांना टोचते, तिला कुणी टोचत नाही; दुसरी पहिलीला सोडून सगळ्यांना; आणि शेवटचीच्या वाट्याला फक्त मार. मधूनच एखादा तिढाही निघतो: अ ब-ला दाबते, ब क-ला दाबते आणि क मात्र अ-ला दाबते. हे सगळं त्यानं १९२२ साली जर्मनमध्ये प्रसिद्ध केलं आणि 'टोचणीची उतरंड' ही कल्पना जगभर गेली. कचेऱ्या, शाळा, सैन्य, राजकीय पक्ष, सगळीकडे लोकांना ती दिसू लागली. शेल्डेरूप-एब्बे स्वतः तर आणखी पुढं गेला. जुलूम हाच सृष्टीचा पाया आहे, असं त्यानं पुढं लिहून ठेवलं.

निरीक्षण अचूक होतं. त्यावरून काढलेलं तत्त्वज्ञान मला पटत नाही. वस्तुस्थिती अशी की नीट बसलेल्या कळपात टोचणं फारच थोडं असतं. थोरलीनं नुसती मान उंचावली की धाकटी बाजूला होते, काम संपलं. ए. एम. गूल आणि डब्ल्यू. सी. ॲली या अमेरिकी संशोधकांनी १९४४ साली हे मोजून दाखवलं. काही कळपांतल्या कोंबड्या त्यांनी सतत अदलाबदल करत ठेवल्या, काही कळप तसेच राहू दिले. जुन्या ओळखीच्या कळपात मारामारी कमी, खाणं जास्त आणि अंडीही जास्त. म्हणजे उतरंड ठरायला भांडण लागतं, पण ठरलेली उतरंड भांडण वाचवते. ॲलींच्याच प्रयोगशाळेत आधी, १९३९ साली, खालच्या पायरीवरच्या कोंबड्यांना नर संप्रेरक टोचून पाहिलं होतं. त्या चढत चढत वरच्या जागांवर जाऊन बसल्या.

उतरंड टिकायची तर आधी ओळख हवी. कोण आपल्या वरचं आणि कोण खालचं हे प्रत्येकीला प्रत्येकीबद्दल लक्षात ठेवावं लागतं. कोंबडी ही ओळख बहुतांशी डोक्यावरून, तुऱ्यावरून पटवते. गूल यांनी कोंबड्यांचे तुरे आणि पिसं बदलून पाहिली तेव्हा कळपातल्या जुन्या कोंबडीवरही सोबतिणी परकी समजून धावून गेल्या. ऑक्सफर्डच्या मॅरिअन डॉकिन्स यांनी दाखवलं की ही ओळख अगदी जवळून, वीतभर-दीड वीत अंतरावरून होते. दोन कोंबड्या समोरासमोर येऊन माना तिरक्या करून थबकतात तेव्हा त्या चेहरा वाचत असतात. त्यातही दोन डोळ्यांची कामं वेगळी आहेत. अंड्यात पिल्लाची मान अशी वळलेली असते की उजव्या डोळ्यावर कवचातून प्रकाश पडतो आणि डावा अंगाखाली दबलेला राहतो. ऑस्ट्रेलियातल्या लेस्ली रॉजर्स यांच्या संशोधनानुसार या असमान प्रकाशामुळे पिल्लू पुढं उजव्या डोळ्यानं दाणा आणि खडा वेगळा ओळखतं आणि त्याच वेळी डाव्या डोळ्यानं आभाळावर नजर ठेवतं. अंधारात उबवलेल्या पिल्लांना ही दोन कामं एकदम करणं जड जातं.

गावाकडच्या बायकांना यातलं निम्मं आधीपासून ठाऊक आहे. विकत आणलेली तलंग दिवसाढवळ्या खुराड्यात सोडत नाहीत. रात्री, सगळ्या झोपल्यावर, हळूच आत ठेवतात. सकाळी थोडी खडाजंगी होते, पण पहिला भडका टळतो. आणि दोन-तीन आठवडे वेगळी ठेवलेली कोंबडी परत आणली तर तिला नव्यानं जागा मिळवावी लागते, हेही त्या सांगतील. मोठ्या कळपात मात्र हा हिशेब कोलमडतो. शेकडो चेहरे लक्षात राहत नाहीत. तिथं तुऱ्याचा आणि देहाचा आकार पाहून अंदाजानं मान दिला जातो.

आता या विषयातल्या माझ्या सर्वांत आवडत्या भागाकडे येतो: कोंबड्याचं बोलणं, आणि ते ऐकायला कोण आहे यावर ते कसं बदलतं.

वर घार दिसली की कोंबडा बारीक, लांबलेली किंकाळी मारतो. मुंगूस किंवा मांजर दिसलं तर तुटक, चढत जाणारा 'कट्-कट्-कट्' असा कलकलाट करतो. हे सर्वांनी ऐकलेलं असतं. हे दोन आवाज म्हणजे भीतीचे कमी-जास्त उद्गार आहेत की 'वरून' आणि 'खालून' असा निरोप आहे, हा शास्त्रीय प्रश्न होता. १९९३ साली क्रिस्टोफर इव्हान्स, लिंडा इव्हान्स आणि पीटर मार्लर यांनी कॅलिफोर्नियात कोंबड्यांना फक्त आवाजाच्या फिती ऐकवल्या; शत्रू कुठंच नव्हता. घारीचा आवाज ऐकून कोंबड्या आडोशाला पळाल्या, दबल्या, वर पाहू लागल्या. जमिनीवरच्या शत्रूचा आवाज ऐकून त्या ताठ उभ्या राहिल्या आणि आडवी नजर फिरवू लागल्या. निरोप पोहोचत होता.

यापेक्षा मजेची गोष्ट मार्लर यांच्या गटानं थोडी आधी पाहिली होती. घारीची आकृती डोक्यावरून सरकवली आणि कोंबडा एकटा असला, तर तो बहुधा गप्प राहतो. शेजारी कोंबडी असली तर ओरडतो. पुढं सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठात क्रिस्टोफर इव्हान्स यांच्या विद्यार्थ्यांनी आणखी खोदलं. कोंबडा झुडपाखाली सुरक्षित असला तर जास्त वेळ ओरडतो, हे समजण्यासारखं आहे. पण जवळपास दुय्यम दर्जाचा दुसरा कोंबडा असला तरीही तो जास्त वेळ ओरडतो. घारीनं कुणाला तरी न्यायचंच असलं, तर त्या दुसऱ्याचा पर्याय उपलब्ध असतो. शौर्यात हिशेब असू शकतो, हे परसातही लागू आहे.

जर्मनीतल्या बॉन इथं २०२३ साली याच सवयीचा एक सुरेख उपयोग करण्यात आला. आरशात दिसणारा कोंबडा आपणच आहोत हे कोंबड्याला कळतं का? अंगावर ठिपका लावून आरसा दाखवायची जुनी कसोटी कोंबडे पास होत नाहीत. म्हणून संशोधकांनी प्रश्न कोंबड्याच्या भाषेत विचारला. छतावर शिकारी पक्ष्याची छाया फिरवली. जाळीपलीकडे खरा कोंबडा असताना त्यांनी पुष्कळ इशारे दिले. एकटे असताना थोडे. आणि आरसा समोर असतानाही थोडेच. आरशातल्याला सावध करायची त्यांना गरज वाटली नाही. यावरून कोंबडा स्वतःला ओळखतो असं म्हणायची घाई करू नये. 'हा काही आपला सोबती नव्हे' एवढंच त्याला कळत असेल. पण ठिपक्यापेक्षा ही कसोटी कोंबड्याला शोभणारी होती, हे खरं.

दाण्याचंही असंच. चाणक्यनीतीत कोंबड्याकडून चार गुण घ्यायला सांगितले आहेत: वेळेवर उठणं, लढायला तयार असणं, आप्तांमध्ये वाटून खाणं आणि स्वतः कमावून खाणं. तिसरा गुण कुणीही पाहू शकतो. चांगला किडा सापडला की कोंबडा तो गिळत नाही; उचलतो, टाकतो, पुन्हा उचलतो, मान खालीवर करतो, गळ्याखालचे लाल लोळे हलवतो आणि 'कुक्-कुक्-कुक्' करत कोंबड्यांना बोलावतो. त्या येऊन खातात. तो पाहत राहतो. चाणक्यनीतीनं न सांगितलेला भाग संशोधकांनी सांगितला. एक म्हणजे जवळ कोंबडी नसेल तर ही हाकाटी फारशी होत नाही. दुसरं, कोंबडी लांब असली, म्हणजे चोचीत काय आहे हे तिला नीट दिसत नसलं, की काही कोंबडे दाणा नसतानाही, खड्या-काडीवर, तीच हाक मारतात. तिसरं कॅरोलिन स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॅक्वारीत पाहिलं. दुय्यम कोंबड्यानं अशी हाक मारली तर थोरला धावून येतो आणि चोप देतो. म्हणून थोरला जवळ, सावध असला की धाकटा आवाज बंद ठेवतो आणि नुसता अभिनय करतो: तेच मान हलवणं, तेच उचलणं-टाकणं, सगळं मुक्यानं. कोंबडीला दिसतं, थोरल्याला ऐकू जात नाही.

कोंबडीच्या बाजूनंही डाव खेळले जातात. टॉमासो पिझ्झारी आणि टिम बर्कहेड यांनी २००० साली दाखवलं की नको असलेल्या, खालच्या दर्जाच्या कोंबड्यानं जबरदस्ती केली तर कोंबडी त्याचं वीर्य बाहेर टाकून देते. कळपाचा राजा कोण हे कोंबडे ठरवत असतील. पिल्लांचा बाप कोण हे ठरवण्यात कोंबडीचाही हात असतो.

पहाटेच्या आरवण्यातही मानाची रांग आहे. जपानमधल्या नागोया विद्यापीठात ताकाशी योशिमुरा आणि त्सुयोशी शिम्मुरा यांनी आधी एक साधी गोष्ट तपासली. कोंबड्यांना दिवसरात्र मंद, एकसारख्या उजेडात ठेवलं; तरी ते साधारण २३.८ तासांच्या चक्रानं आरवत राहिले. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असं आपण म्हणतो. नागोयात तांबडं झाकून पाहिलं, तरी कोंबडं आरवायचं राहिलं नाही. मग २०१५ साली त्यांनी दाखवलं की एका गटातले कोंबडे ठरलेल्या क्रमानं आरवतात. पहिली बांग सर्वांत वरच्याची, मग दुसऱ्याची, मग तिसऱ्याची. वरचा बाजूला काढला तर दुसरा पहिली बांग देतो. पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या गल्लीतल्या कोंबड्यांची ज्येष्ठता यादी करता येते, असा याचा व्यावहारिक अर्थ. फक्त ते एकत्र राहणारे असायला हवेत.

आईचा भाग सगळ्यात आधी यायला हवा होता, पण या शास्त्रातही तो उशिरानंच आला.

खुडूक कोंबडी एकवीस दिवस अंड्यांवर बसते. बाहेर पडायच्या आदल्या दिवसापासूनच पिल्लं कवचाच्या आतून चिवचिवू लागतात आणि कोंबडी घशातल्या घशात उत्तर देते. म्हणजे आईच्या आवाजाची ओळख जन्माच्या आधीची. बाहेर आल्यावर पहिल्यांदा जे हलताना दिसेल त्याच्यामागे पिल्लू लागतं, हे पहिल्यांदा नीट प्रयोग करून सांगितलं ते डग्लस स्पाल्डिंग यानं, १८७३ साली. हा स्पाल्डिंग पुढं बर्ट्रांड रसेलच्या आईवडिलांकडे, त्यांच्या थोरल्या मुलाचा शिक्षक म्हणून होता. त्यानं पिल्लांच्या डोळ्यांवर टोप्या चढवल्या, दोन-तीन दिवसांनी काढल्या आणि ती कशामागे धावतात ते पाहिलं. पुढं हे काम प्राणिशास्त्रज्ञ लोरेन्झच्या हंसांच्या नावावर जगप्रसिद्ध झालं. सुरुवात कोंबडीच्या पिल्लांपासून झाली होती, हे या विषयात येणाऱ्यानं विसरू नये. याच ओढीचा उपयोग करून इटलीतल्या रोझा रुगानी, लुचिया रेगोलिन आणि जॉर्जो वल्लोर्तिगारा यांनी २००९ साली अवघ्या काही दिवसांच्या पिल्लांकडून बेरीज-वजाबाकी करून घेतली. पिल्लं पाच सारख्या वस्तूंबरोबर वाढवली होती. त्या दोन पडद्यांआड एकेक करून लपवल्या, इकडून तिकडे हलवल्या. पिल्लं ज्या पडद्याआड जास्त 'सोबती' उरले तिकडे गेली. गणित येतं ते गोतावळ्यासाठी.

ब्रिस्टल विद्यापीठात क्रिस्टीन निकोल आणि स्टुअर्ट पोप यांनी १९९६ साली आईला शिक्षिका म्हणून तपासलं. कोंबड्यांना एका रंगाचं खाणं चांगलं आणि दुसऱ्या रंगाचं कडवट हे आधी शिकवलं. मग तिची पिल्लं तिच्या लेखी चुकीच्या रंगाचं खाणं खाताना तिला दाखवली. तिनं जमीन उकरणं आणि चोच मारणं वाढवलं, चांगल्या खाण्याकडे बोलावणं वाढवलं. पिल्लं बरोबर खात होती तेव्हा तिची एवढी धडपड नव्हती. म्हणजे पिल्लं काय करताहेत याकडे पाहून ती शिकवत होती. त्याच विद्यापीठात जोआन एडगर आणि सहकाऱ्यांनी २०११ साली पिल्लांवर हवेचा हलका फवारा मारला. इजा काही नव्हती, फक्त नकोसा वाटणारा झोत. पाहणाऱ्या आईच्या हृदयाचे ठोके वाढले, डोळ्याभोवतीचं तापमान उतरलं, पिसं साफ करणं थांबलं, पिल्लांना बोलावणारा आवाज वाढला. झोत तिच्या स्वतःच्या अंगावर मारला तेव्हा हे सगळं एकत्र असं झालं नाही. संशोधकांनी 'सहवेदना' हा शब्द जपून वापरला. सहवेदनेला जे लागतं त्यातला एक भाग इथं आहे, एवढंच म्हटलं. अशी जपणूक मला आवडते.

गावठी कोंबडीखाली गिरिराज-वनराजची अंडी ठेवायची रीत आपल्याकडे आहे, कारण सुधारित जातींच्या कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत. तो गुण माणसानंच निवडीतून घालवला. काही जण बदकाचीही अंडी ठेवतात. मग बदकाची पिल्लं डबक्यात उतरतात आणि काठावर कोंबडीची धावपळ सुरू होते. पाहणाऱ्यांना हसू येतं. ब्रिस्टलचा प्रयोग वाचल्यावर मला ते येईनासं झालं.

कोंबड्यांमध्ये मैत्री असते का? परसात कोंबड्या पाळणाऱ्या कुणालाही विचारा, ती जोडीनं फिरणाऱ्या दोघींची गोष्ट सांगेल: एकत्र दाणे टिपतात, दुपारी एकाच खळग्यात मातीत न्हातात, रात्री एकमेकींना खेटून बसतात. हाच प्रश्न २०१३ साली ब्रिटनमधल्या एका गटानं मोजमाप करून विचारला. लहान गटांत ठेवलेल्या कोंबड्या कुणाजवळ किती वेळ असतात हे त्यांनी नोंदवलं. खास मैत्रिणींचा पुरावा त्यांना मिळाला नाही. जवळ असण्याची कारणं बहुतेक वेळा जागेची होती: दोघींना तोच कोपरा आवडत होता. हे वाचून नाराज होणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की त्या कोंबड्या बाजारासाठी वाढवलेल्या वाणाच्या होत्या. एका आईच्या पंखाखाली वाढलेल्या, कोंबडा आणि पिल्लं यांच्यासह उघड्यावर फिरणाऱ्या कळपावर तेच मोजमाप करून पाहायला हवं. प्रश्न उघडा आहे आणि तो उघडा असणं हीच नव्या अभ्यासकासाठी चांगली बातमी आहे.

इथून मी आपल्या वाचकाकडे वळतो. या शास्त्रातला बराचसा पुरावा पिंजऱ्यातल्या किंवा छोट्या दालनातल्या कोंबड्यांचा आहे. अपवाद थोडे. त्यांतला सर्वांत उत्तम म्हणजे ग्लेन मॅकब्राइड आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळच्या नॉर्थ वेस्ट बेटावर रानटी झालेल्या कोंबड्यांचा केलेला अभ्यास. १९६९ साली तो प्रसिद्ध झाला आणि त्यात पहिल्यांदा अख्खा समाज दिसला: कोंबड्यांचे आपापले इलाखे, अंड्यावर बसायला कळपापासून दूर जाणारी कोंबडी, पिल्लांसह वेगळं फिरणारं कुटुंब, आणि पिल्लं मोठी झाल्यावर आईचं पुन्हा कळपात येणं. आधुनिक पोल्ट्रीत यातलं काहीच उरत नाही. हॅचरीत जन्मलेल्या पिल्लानं आईचा आवाज ऐकलेला नसतो. शेडमध्ये सगळे एका वयाचे. अंड्यांच्या पोल्ट्रीत कोंबडा नाही. मांसाच्या पोल्ट्रीत सहाएक आठवड्यांत आयुष्य आटोपतं. तिथं कोंबड्या पुष्कळ असतात, समाज नसतो. कोंबडीला काय हवं आहे हे तिलाच विचारायची पद्धत डॉकिन्स यांच्यासारख्यांनी रूढ केली. तसल्या संशोधनाचा आधार घेत युरोपीय संघानं २०१२ पासून जुन्या पद्धतीचे कोंदट पिंजरे बंद केले. हेही या विषयाचंच फळ.

परसात मात्र समाज शाबूत आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या पंच्याऐंशी कोटींवर कुक्कुटपक्ष्यांपैकी जवळजवळ बत्तीस कोटी परसातले निघाले. त्यांत कोंबडा आहे, खुडूक कोंबडी आहे, पिल्लं आहेत, तलंगा आहेत, म्हाताऱ्या आहेत. वर घार आहे आणि कुंपणापाशी मुंगूसही आहे. बान नॉन वाटच्या काळापासून कोंबडी ज्या समाजात जगत आली, तो जवळजवळ तसाच तिथं भेटतो. आणि तो रोज पाहणाऱ्या, बहुतेक बायकाच असलेल्या माणसांनी आजवर काही लिहून ठेवलेलं नाही, कारण त्यांना कुणी विचारलं नाही. शेल्डेरूप-एब्बे सुरुवातीला एक वही घेतलेला मुलगाच होता. बॉयमर खेड्यातला डॉक्टर. त्यांच्याकडे होतं ते तुमच्याकडेही आहे.

सुरुवात करणाऱ्यानं दोन टोकं टाळावीत. कोंबडीला चावी दिलेलं खेळणं समजू नये, आणि पिसं घातलेली शेजारीणही समजू नये. कोंबड्यांचे चेहरे भावनेनुसार लाल होतात, असं फ्रान्सच्या राष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी २०२४ साली नोंदवलं आहे. पण त्या लालीला आपण लाज म्हणायची की आणखी काही, हे ठरवायला अजून पुष्कळ पाहायचं आहे. पाहण्यासाठी एक वही पुरे. पायात रंगीत कडी घालून किंवा तुऱ्यावरून प्रत्येक कोंबडी ओळखायला शिका आणि तिला नाव द्या. कोण कुणाला टोचतं ते लिहा, पण त्याहून जास्त, कोण कुणाला वाट देतं ते लिहा. कोंबडा हाक मारतो तेव्हा चोचीत खरोखर काही होतं का, ते पाहा. आणि प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ आणि कोंबडीचं नाव यांच्याबरोबर, त्या क्षणी तिच्या आसपास कोण होतं, हे न चुकता लिहा.